दुसऱ्यांदा दिलेला अंगठा

माझ्या धाकट्या बहिणीचा अंगठा आमच्या पाड्यात प्रसिद्ध होता. रेशनच्या मशीनवर तो पहिल्याच खेपेला चालायचा.

बाकीच्यांचे चालत नसत. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. पावसाळ्यात भात आणि नागली, पावसाळा सरला की गवतकापणी, चिकूच्या वाड्या, वीटभट्ट्या. विळ्याने, विटेने आणि चिकूच्या चिकाने आमच्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा घासून नेल्यात. रेशन दुकानात म्हातारी माणसं अंगठा ठेवण्याआधी तो केसांत घासायची, म्हणजे जरा तेलकट होतो. मग पदराला पुसायची, फुंकर मारायची, ठेवायची. लाल दिवा. दुकानदार वर न बघता म्हणायचा, "परत." परत लाल. "परत." तीनदा, चारदा, कधी सहादा. त्यात कुणाला काही वाटत नसे. आम्हाला "परत लाव" हे शब्द "बस, पाणी पी" इतके ओळखीचे झाले होते.

म्हणून प्रत्येक घरात एक चालणारा अंगठा ठरलेला असायचा, आणि महिन्यातून एकदा त्या माणसाला बाकीचं काम टाकून दुकानात जावं लागायचं. आमच्या घरचा अंगठा बहिणीचा. ती सहा वर्षांची असल्यापासून आश्रमशाळेत राहून शिकली, त्यामुळे तिच्या हाताला विळा उशिरा लागला. शेजारची काकी तिला रांगेत चिडवायची, "तुजा अंगठा कामालाच लागला नाय, चालंल नाय तं काय." बहीण म्हणायची, "काकी, तुजा दे माझ्याकडं, त्याला पण शाळेत घालते."

मी पाड्यातली पहिली पदवीधर. हे मी जरा मोठ्यानेच सांगते, तेव्हाही सांगायचे. डहाणूला हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं. आई भट्टीवर आणि बाप दुसऱ्याच्या वाडीत असताना केलं, आणि कुणाच्या उपकारावर केलं नाही. पाड्यात कुणालाही कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मी वाचायचे, समजावून सांगायचे, सही कुठे करायची ते दाखवायचे. माणसं माझं ऐकायची. पुढे जे घडलं ते यामुळेच घडलं, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

कोरोनात हॉस्टेल बंद झालं आणि मी घरी आले. रेशनवरचा अंगठाही बंद झाला, संसर्ग नको म्हणून. दुकानदार स्वतःच्या अंगठ्याने धान्य द्यायला लागला. तेव्हा लोकांना खरी भीती वाटली. रोगाची नव्हे. आपला अंगठा नाही तर आपलं धान्य गेलं तरी कळणार कसं, ही भीती. पुढे मशीन परत सुरू झालं तेव्हा माणसं आनंदाने रांगेत उभी राहिली. आपला अंगठा आपल्याला परत मिळाला, असं एक म्हातारा म्हणाला होता. मशीनवर अंगठा ठेवणं म्हणजे आपला हक्क सांगणं, हे आमच्या माणसांच्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं.

दुसरी लाट ओसरत होती. भातकापणी चालू होती आणि लहान मुलांच्या शाळा अजून उघडल्या नव्हत्या. गुरुजी मोबाईलवर अभ्यास पाठवायचे. मोबाईल चार घरांत मिळून एक, आणि रेंज पकडायला टेकडीवर जायचं. तिथेही कधी महाराष्ट्राचा टॉवर लागायचा, कधी गुजरातचा, आणि गुजरातचा लागला की स्वागताचा मेसेज यायचा. मुलं त्या मेसेजला हसायची आणि अभ्यास तसाच राहायचा.

अशात एक माणूस मोटरसायकलवरून आला. सीमेपलीकडचा, तिशीतला, मास्क लावलेला, मागे मोठी रंगीत छत्री बांधलेली. मोहाच्या झाडाखाली त्याने छत्री रोवली. नवीन सिम, तीन महिने नेट फुकट, मुलांच्या शिक्षणासाठी. मराठी, गुजराती, हिंदी असं मिसळून बोलायचा, आमच्याकडे बाजारात बोलतात तसंच. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की इथे शिकलेलं कोण आहे. आईने मला पुढे केलं.

अंगणवाडीतून दोन खुर्च्या आल्या. एक त्याला, एक मला. तो मला मॅडम म्हणाला. तोपर्यंत मला मॅडम कुणी म्हटलं नव्हतं. माझं काम सोपं होतं: आधार कार्डावरचं नाव वाचायचं, माणसाला उभं करायचं, आणि तो काय म्हणतो ते आमच्या बोलीत सांगायचं. तो प्रत्येकाच्या तळहातावर सॅनिटायझर मारायचा, फोटो काढायचा, मग छोट्या मशीनवर अंगठा घ्यायचा. मग म्हणायचा, "फरीथी." म्हणजे पुन्हा. मी म्हणायचे, "परत लाव." फोटोही दुसऱ्यांदा काढायचा. डोळे मिटले म्हणायचा. कुणी का विचारेल? अंगठा एका खेपेत आला असता तर लोकांना उलट नवल वाटलं असतं. कापणीचे दिवस, हातांना विळ्याच्या चिरा. काकीने केसांत अंगठा घासला आणि न सांगताच दोनदा ठेवला.

मग बहिणीची पाळी आली. तिने अंगठा ठेवला. तो म्हणाला, फरीथी. मी म्हणाले, परत लाव.

ती म्हणाली, "ताई, माझा आला ना. हिरवा लागला."

मी तिला म्हणाले, "तुला मशीनचं काय कळतं? लाव परत, मागं लाईन आहे."

तो माणूस हसला. बेन हुशार आहे म्हणाला. तिने माझ्याकडे बघितलं आणि अंगठा परत ठेवला.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात सिम गेलं. सिम चांगलं चाललं, हेही सांगायला पाहिजे. मुलांनी अभ्यास केला. बहिणीनेही त्याच नेटवर टेकडीवर बसून कॉलेजच्या परीक्षा दिल्या. लोक म्हणाले, बाय शिकलेली म्हणून पाड्याचं भलं झालं. मी ते ऐकून घेतलं. मला ते आवडलंही.

पुढची वर्षं भराभर गेली. मला तलासरीत एका कार्यालयात संगणकावर माहिती भरण्याचं काम मिळालं. कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवीन कागद. बहिणीचं मन कार्यालयात रमणारं नव्हतं. तिला वनरक्षक व्हायचं होतं. पाड्यात यावर खूप हसणं झालं, कारण आमच्या बायका सरपणाची मोळी घेऊन ज्याच्या नजरेतून सुटायला बघतात तो माणूस वनरक्षक. काकी म्हणाली, "मंग माजी मोळी तूच धरशील का गं?" बहीण म्हणाली, "पयली तुजीच धरीन. तुझ्या मोळीत ओलं लाकूड असतं." ती हसत बोलली, पण तिला ती नोकरी मनापासून हवी होती. झाडांची नावं तिला बापाने आश्रमशाळेच्या सुट्ट्यांत शिकवली होती. सालीवरून झाड ओळखायची. हातात कोयता असलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे आपल्याला कळतं, बाहेरून आलेल्याला ते कळत नाही, असं ती म्हणायची. ते खरं होतं.

दोन वर्षं ती पहाटे कालव्याच्या कडेने धावली. लेखी परीक्षा पास झाली, धावणं पास झाली. चालण्याच्या परीक्षेत तर पोरी उन्हात बसून घेत होत्या आणि ही पाणी पीत पुढे गेली. आयुष्यभर बाजाराला, दवाखान्याला चालतच गेलेली पोर, तिला चालण्याची परीक्षा कसली! निवड यादीत तिचं नाव आलं. आईने पाड्यात गूळ-खोबरं वाटलं. बापाने काही केलं नाही, फक्त दोन दिवस कामावर गेला नाही.

नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. त्याचा नमुना मीच भरून दिला. तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला आहे का, चौकशी चालू आहे का. मी न विचारताच "नाही" लिहिलं, आणि तिने सही केली.

पंधरा दिवसांनी आमचे पोलीस पाटील सकाळीच दारात आले. ते लांबच्या नात्याने आमचे काका लागतात, एरवी आले की आधी चहा मागतात. त्या दिवशी उभ्यानेच म्हणाले, ठाण्यात बोलावलंय, कार्ड घेऊन चला, आणि घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर आई घाबरली.

ठाण्यात एक वयस्क हवालदार होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बहिणीला बसायला सांगितलं आणि एक कागद समोर ठेवला. दूरच्या एका राज्यातल्या ठाण्याचं पत्र. तिथल्या एका निवृत्त शिक्षकाला कुणी तरी व्हिडिओ कॉल केला होता. तुमच्या नावाने बेकायदा पार्सल सापडलंय, तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. दोन दिवस त्या म्हाताऱ्याला स्वतःच्या घरात त्यांनी असं बसवून ठेवलं आणि आयुष्यभराची शिल्लक काढून घेतली. ज्या नंबरवरून पहिला फोन गेला, तो नंबर माझ्या बहिणीच्या नावावर होता.

ती म्हणाली, हा नंबर माझा नाही. हवालदारांनी दुसरा कागद काढला. त्यावर तिचा फोटो. अठरा वर्षांची, केस ओले, मागे मोहाचं झाड. सिम घेतल्याची वेळ छापलेली होती. तिच्या नेहमीच्या सिमनंतर चार मिनिटांनी.

"अंगठा तुझाच ना?" हवालदारांनी विचारलं.

"माझाच."

"मग कायद्याच्या हिशेबाने नंबर पण तुझाच." ते रागाने बोलले नाहीत. रोज तीच गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात बोलले. असे कागद आता आठवड्याला येतात म्हणाले. पूर्वी चोरी म्हटली की कौलं काढलेली असायची, कुत्रं मेलेलं असायचं, काहीतरी बघायला मिळायचं. आता नुसता कागद येतो आणि कागदावर कुणीतरी आजी असते, नाहीतर शाळेतली पोर. मग त्यांनी कामाचं विचारलं. त्या वेळी तिथे कोण होतं? अंगठा दोनदा घेतला हे सांगणारं कुणी आहे का? तसा एक जबाब लिहून पाठवला तर तिकडचे हिला आरोपीच्या रांगेतून काढून साक्षीदारांत घालतील. नाहीतर चौकशी प्रलंबित असं लिहावं लागेल, आणि तसं लिहिलं की नोकरीचं अवघड आहे.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण न लिहून उपयोग नाही. माझ्या मनात माझा अकरा महिन्यांचा कागद आला. सरकारी कार्यालयात माहिती भरणारी बाई, आणि तिनेच एका ठगाच्या शेजारी बसून पाड्याचे अंगठे घेतले. मला काय मिळालं होतं, हे कुणाला कसं पटवणार? मला खुर्ची मिळाली होती. हे सांगून कुणाला पटतं?

मी म्हणाले, "एक माणूस आला होता. गर्दी होती. कोण कुठे होतं, आता लक्षात नाही."

बहिणीने माझ्याकडे बघितलं नाही. हवालदारांनी तिला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, गर्दी होती. तिने माझंच वाक्य उचललं. मला वाचवायला उचललं, हे मला तिथेच कळलं आणि तरी मी गप्प राहिले.

नेमणुकीच्या कार्यालयाने पत्र दिलं. अमुक दिवसांत पडताळणी पूर्ण झाली नाही तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल. पत्राची भाषा सभ्य होती. आम्ही सरावली गावच्या एका वकिलाकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं: शेजारी कोण होतं ते शोधा. मी मान डोलावली.

कार्यालयात मी रोज नवे नियम वाचत होते. वाचायची मला सवय आहे. महामारीने सगळ्या देशाला घरात बसवलं आणि शाळा, डॉक्टर, लस, बँक सगळं फोनच्या पडद्यावर आणलं. ठगही पडद्यावर आले. त्यांच्या मागून कायदा निघाला. आता सिम विकणाऱ्याची नोंदणी लागते, त्याची पोलीस पडताळणी लागते. खोट्या ओळखीने सिम घेतलं तर तुरुंग. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संकेतस्थळावर बघता येतं आणि नको तो बंद करता येतो. चांगले नियम आहेत. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. कोरोनात फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा, मग सूचना. आता त्याच जागी सायबर ठगांपासून सावध राहा अशी सूचना येते. तीही चांगलीच आहे. पण छत्री रोवून बसलेला माणूस त्या नियमांच्या आधी येऊन गेला होता, आणि नियम आले तेव्हा कागदावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या बहिणीचं होतं. त्याचा फोटो नव्हता, तिचा होता. खोट्या ओळखीने सिम घेणारा कोण, असं कागदाला विचारलं तर कागद तिच्याकडे बोट दाखवत होता.

त्या संकेतस्थळाचं मी पाड्यात सांगितलं. थोडं बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. एका रविवारी सगळे आमच्या ओटीवर जमले आणि मी एकेकाचा नंबर टाकून बघायला लागले. काकीच्या नावावर दोन नंबर. आईच्या नावावर दोन. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या नावावर दोन. ज्याला आपण कधी हात लावला नाही असा एकेक नंबर जवळजवळ प्रत्येक घरात निघाला. आधी लोक हसले. काकी म्हणाली, "मला एक लावता येत नाय, मंग दुसरा कोण लावतंय?" मग हसणं थांबलं, कारण बहीण तिथेच बसली होती आणि तिचं काय झालंय हे सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हणाले, आता यापुढे कुणी परत लाव म्हटलं की आधी विचारायचं, का म्हणून. मी हे समजावून सांगायच्या आवाजात म्हणाले.

समोरच्या घरातला म्हातारा, आपला अंगठा परत मिळाला म्हणणारा तोच, माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बाय, त्यानं फरीथी म्हटलं तवा आमाला कळलंच नवतं. तू म्हटलंस, परत लाव. आमी तुजं आयकलं. त्याचं नाय."

तो चिडून बोलला नव्हता. त्याला फक्त झालं तसं सांगायचं होतं. बहीण उठून पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात रजा टाकली आणि एकटीच ठाण्यात गेले. हवालदारांना म्हणाले, तिथे मी होते. खुर्चीवर बसले होते. तो सांगायचा आणि मी सांगायचे. बहिणीचा अंगठा पहिल्यांदाच आला होता, तिने मला तसं सांगितलं होतं, आणि मीच तिला गप्प केलं. हवालदारांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, सही घेतली. मी विचारलं, माझ्या नोकरीवर काही येईल का? त्यांनी चष्मा काढला. "तुमच्यावर कशाला येईल? तुम्ही काय सिम विकलं का?" मग कागद घडी करताना म्हणाले, "हे त्या दिवशीच बोलायचं होतं, मॅडम."

पहिल्या भेटीला बारा दिवस झाले होते.

माझ्या नोकरीचं काही झालं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. अकरा महिने भरले, नवीन कागद आला, मी सही केली. ज्या भीतीने मी गप्प बसले होते तिला कसलाच आधार नव्हता. थोडीशी शिक्षा मिळाली असती तर बरं वाटलं असतं, असं मला कधीकधी वाटतं. पण ही चैन झाली.

दूरच्या त्या ठाण्याचं उत्तर आलं. ही मुलगी आरोपी नाही, साक्षीदार आहे, तिच्याविरुद्ध काही प्रलंबित नाही. शिक्का, सही, सगळं नीट. बहीण आणि मी ते पत्र घेऊन नेमणुकीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने पत्र दोनदा वाचलं. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मुदत आठ दिवसांपूर्वी संपली होती आणि पुढच्या मुलीने हजर होऊन कामही सुरू केलं होतं. पुढच्या भरतीत अर्ज करा, म्हणाला. पुढची भरती कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. बहीण रडली नाही. तिने मला टपरीवर बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाली, "ताई, मला तुझा राग त्या दिवशीचा, अंगठ्याचा, नाही येत. तेव्हा तुलाही माहीत नव्हतं."

चहाचे पैसेही तिनेच दिले. उशीर झाला आठ दिवसांचा आणि मी ठाण्यात खरं सांगायला घेतले बारा दिवस, ही वजाबाकी तिने माझ्यासमोर कधी मांडली नाही. मी रोज मांडते.

आता ती सीमेपलीकडच्या एका कंपनीत जाते. पहिली पाळी. कंपनीची गाडी फाट्यावर येते. प्लास्टिकच्या झाकणांचं काम आहे. घरात माझ्याशी नीट बोलते, भाजी काय करायची ते विचारते, माझ्या चपला तुटल्या की नवीन आणते. फक्त कागद मला दाखवत नाही. बँकेचा असो, कंपनीचा असो, स्वतः वाचते, आणि कळलं नाही तर गाडीतल्या दुसऱ्या मुलीला विचारते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागाला नवीन वनरक्षक आली. प्रतीक्षा यादीतली तीच मुलगी. वरोरकडची, समुद्राकाठची, मासळी विकणाऱ्या बाईची लेक. तिच्याही घरात ती पहिलीच शिकलेली, असं ती स्वतःच सांगते. कोणाच्या जागेवर आपण आलो हे तिला माहीत नाही आणि आम्ही सांगितलेलं नाही. एका रविवारी ती खाकी कपड्यांत पाड्यात आली, मोळ्या बघत. काकीची मोळी सोडली. उन्हाने चेहरा लाल झाला होता. आईने तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. बहीण घरीच होती.

त्या मुलीने वहीत दाबलेली दोन पानं काढली. वरच्या रानात नोंद करायची आहे, म्हणाली, पण नावं कळत नाहीत, आमच्याकडे नुसती सुरूची झाडं आणि माड. हे ऐन आहे का?

बहिणीने पानं हातात घेतली. उलटी करून मागची बाजू बघितली. "हे ऐन नाही, किंजळ," ती म्हणाली. "ऐनाच्या पानाला मागं देठाजवळ ठळक गाठी असतात. हात लावून बघा. पण पानावर जाऊ नका, साल बघा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन. किंजळाची त्यामानाने गुळगुळीत."

वनरक्षक मुलगी लिहून घ्यायला लागली. बहीण थांबली. तिचं लिहून झालं की पुढचं पान उचलायची, नाव सांगायची, खूण सांगायची, परत थांबायची. आईने दोघींना चहा दिला. मी दारात उभी होते. मला ती झाडं ओळखता येत नाहीत, मी शिकायला गेले तेव्हा बापाने ती तिला शिकवली. म्हणून मी काही बोलले नाही, आणि त्या दोघींनीही मला काही विचारलं नाही.